शीड व वारा : परस्परक्रिया आणि प्रतिकृती

जहाजाच्या शिडावर वाऱ्याचा दाब पडला म्हणजे शिडाला फुगीर आकार येतो आणि त्या आकारामुळे वाऱ्याचा प्रवाह वळून दाबाची वाटणी बदलते. या दुहेरी क्रियेस शीड व वारा यांची परस्परक्रिया म्हणतात. विमानाचा पंख किंवा पूल यांसारख्या ताठ रचनेचा आकार आधी ठाऊक असतो व तीवरील वाऱ्याचे बल त्यावरून काढता येते. शिडाच्या बाबतीत तसे करता येत नाही. कापडाला वाकण्याच्या बाबतीत ताठपणा जवळजवळ नसतो. त्यामुळे बल कळल्याशिवाय आकार कळत नाही आणि आकार कळल्याशिवाय बल कळत नाही. दोन्ही एकदमच काढावी लागतात. डोलकाठी, शिडाची आडवी वा तिरपी काठी, दोर व जहाजाचे अंग हेही या क्रियेत भाग घेतात. ही सर्व क्रिया लहान प्रमाणावर घडवून आणण्याच्या साधनास भौतिक प्रतिकृती आणि ती समीकरणांनी मांडण्याच्या पद्धतीस गणितीय प्रतिकृती म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या क्रियेचे स्वरूप, कोकण किनाऱ्यावरील शिडाच्या जहाजांत ती कशी हाताळली जाई आणि तिच्या प्रतिकृती कशा तयार करतात, यांचे विवेचन केले आहे.

कोकण किनाऱ्यावरील वारे : दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग या बंदरांचा किनारा सामान्यतः उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात येथील समुद्र खवळलेला असल्याने शिडाच्या जहाजांची वाहतूक बंद राही व नारळी पौर्णिमेनंतर ती हळूहळू सुरू होई. उघाडीच्या हंगामात दुपारी समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे आणि रात्री व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. खाऱ्या वाऱ्यांची दिशा पुष्कळदा वायव्येकडून असते, तर मतलई वारे पूर्व व ईशान्य या बाजूंनी येतात. किनाऱ्याला धरून जाणाऱ्या जहाजाला म्हणून वारा बहुधा पाठीमागून न मिळता बाजूने मिळतो. मुंबईकडे निघालेल्या जहाजाला तर दुपारचा वारा बराचसा समोरूनच येतो. केवळ मागून ढकलले जाणारे शीड या किनाऱ्यावर पुरेसे नव्हते. वाऱ्याला तिरपे तोंड देऊन पुढे ओढणारे शीड हवे होते. त्रिकोणी किंवा एक कोपरा छाटलेल्या त्रिकोणासारख्या चौकोनी शिडांचा येथे जो प्रसार झाला, त्यामागे वाऱ्यांची ही व्यवस्था हे एक प्रमुख कारण होय.

खरा व भासमान वारा : शिडावर जो वारा प्रत्यक्ष येतो तो स्थिर निरीक्षकास जाणवणारा खरा वारा नसून जहाजाच्या गतीमुळे बदललेला भासमान वारा असतो. जहाज सेकंदास ३ मी. वेगाने उत्तरेस जात असेल व वारा पश्चिमेकडून सेकंदास ६ मी. वेगाने येत असेल, तर खलाशास वारा सेकंदास सु. ६.७ मी. वेगाचा आणि नाळेपासून ९०° ऐवजी सु. ६३° कोनातून येणारा वाटतो. वेग वाढेल तसा भासमान वारा अधिक पुढे सरकतो. त्यातच समुद्रपृष्ठाशी होणाऱ्या घर्षणामुळे वाऱ्याचा वेग खाली कमी व वर अधिक असतो. पृष्ठापासून २ मी. उंचीवर वारा सेकंदास ५ मी. असल्यास २० मी. उंचीवर तो ७ मी.च्या आसपास असू शकतो. वरील जहाजास अशा वेळी भासमान वारा शिडाच्या तळाशी सु. ५९° आणि शेंड्याशी सु. ६७° कोनातून मिळेल. एकाच शिडाच्या दोन टोकांवर वाऱ्याची दिशा अशी भिन्न असल्यामुळे शिडाला तळापासून शेंड्यापर्यंत योग्य तेवढा पीळ असावा लागतो. सरळ फळीसारखे शीड खालून बरोबर लावले, तर वरून चुकीचे ठरते.

वाऱ्याचे बल : वारा शिडाच्या पातळीशी लहान कोन करून आला, तर प्रवाह फुगीर बाजूवरून वेगाने जातो व तेथील दाब कमी होतो, खोलगट बाजूवर दाब अधिक राहतो. या फरकामुळे वाऱ्याच्या दिशेला लंब असे उत्थापक बल निर्माण होते. विमानाच्या पंखावर हे बल वरच्या दिशेने असते म्हणून त्यास हे नाव मिळाले आहे. उभ्या शिडावर ते आडवे असते. वाऱ्याच्या दिशेने जे बल पडते त्यास ओढ म्हणतात. वारा मागून असता जहाज मुख्यत्वे ओढीवर चालते आणि वारा बाजूने किंवा समोरून तिरपा असता उत्थापक बलावर चालते. वारा व शीड यांमधील कोनास आघात कोन म्हणतात. तो वाढविल्यास उत्थापक बल प्रथम वाढते. परंतु सामान्यतः १५° ते २०° च्या पुढे प्रवाह फुगीर बाजूपासून सुटतो, मागे भोवरे तयार होतात, उत्थापक बल घटते व ओढ वाढते. कोन फारच लहान झाला, तर कापडाच्या दोन्ही बाजूंचा दाब जवळजवळ सारखा होऊन शीड फडफडू लागते. या दोन मर्यादांमधील अरुंद पट्ट्यात शीड राखणे हे तांडेलाचे कौशल्य असे.

हवेची घनता दर घ. मी.स सु. १.२ किग्रॅ. धरल्यास सेकंदास १० मी. वेगाच्या वाऱ्याचा गतिक दाब दर चौ. मी.स ६० न्यूटन येतो. बलाचा गुणांक १.२ व शिडाचे क्षेत्रफळ १०० चौ. मी. असल्यास एकूण बल ७,२०० न्यूटन, म्हणजे सु. ७३५ किग्रॅ. भाराइतके होते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे वाऱ्याचा वेग दुप्पट होताच ते चौपट होते. अचानक आलेल्या झोतापुढे शीड व डोलकाठी यांची जी कसोटी लागते, ती या वर्गाच्या नियमामुळे.

कापडाचा आकार व ताण : शीड हे यामिकीच्या दृष्टीने ताणलेले पटल आहे. दाब आणि ताण यांतील संबंध सोपा आहे : कापडाच्या एक मीटर रुंदीतील ताण हा दाब व वक्रतात्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. ६ मी. रुंदीच्या शिडाला रुंदीच्या एकदशांश म्हणजे ६० सेंमी. पोट आले असेल, तर त्याची वक्रतात्रिज्या सु. ७.८ मी. होते. वर दिलेल्या वाऱ्यात, दर चौ. मी.स ७२ न्यूटन दाब धरून, ताण दर मीटरला सु. ५६० न्यूटन येतो. त्याच शिडाचे पोट ३० सेंमी. एवढेच ठेवले, तर त्रिज्या सु. १५ मी. होऊन ताण जवळजवळ दुप्पट, सु. १,०९० न्यूटन होतो. शीड जितके सपाट, तितका कापडावर, दोरांवर व काठ्यांवर येणारा ताण अधिक, असा याचा अर्थ. वाऱ्याला अधिक तोंड देऊन जाण्यासाठी सपाट शीड उपयुक्त असते. मात्र त्याची किंमत साधनसामग्रीच्या बळकटीने द्यावी लागते.

शिडाचे पोट कापडाच्या अगदी थोड्या जादा लांबीवर अवलंबून असते, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. ६ मी. अंतरात ६० सेंमी. पोट येण्यास कापड केवळ १६ सेंमी. अधिक लांब असावे लागते. पूर्ण सपाट शिवलेले कापड वाऱ्याने शेकडा १ एवढेच ताणले गेले, तरी त्याला रुंदीच्या शेकडा ६ इतके पोट येते. शिलाईतील किंचित फरक, कापडाचे ओले होणे किंवा जुने होऊन सैल पडणे यांचा परिणाम म्हणूनच शिडाच्या आकारावर मोठा होतो. सुती कापड धाग्यांच्या दिशेने कमी व तिरप्या दिशेने अधिक ताणले जाते. त्यामुळे पट्ट्या कोणत्या दिशेने जोडावयाच्या आणि कडेला शिवलेला दोर किती आवळावयाचा, हे शीड शिवणाऱ्याचे महत्त्वाचे निर्णय ठरतात. गणिताच्या भाषेत ज्या प्रश्नाला दोन समीकरणसंच लागतात, त्याचे उत्तर तो कापड बेतताना देत असे.

कोकणातील शिडांची रचना : मराठ्यांच्या आरमारात गुराब व गलबत हे दोन प्रकार प्रमुख होते. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात केलेल्या वर्णनानुसार दोन डोलकाठ्यांची गुराब सु. १५० टनांपर्यंत व तीन डोलकाठ्यांची सु. ३०० टन असे. गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे. गलबताच्या मुख्य डोलकाठीवर एकच फार मोठे त्रिकोणी शीड असून वर चढविल्यावर त्याचा शेंडा डोलकाठीच्याही बराच वर जाई. शिवाय त्यास ४० ते ५० वल्ही असत. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या काळात आणि पुढे १७५६ मध्ये विजयदुर्ग पडेपर्यंत या जहाजांनी किनाऱ्यावर जो वचक ठेवला, त्यात त्यांच्या शिडांचा व कमी खोलीच्या तळाचा मोठा वाटा होता. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात जहाजे फार थोर वा फार लहान न करता मध्यम करावी आणि वाऱ्यावाचून चालू न शकणारी थोर जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही, असे सांगितले आहे. वारा हे बळ असले, तरी ते हुकमी नव्हे, ही जाणीव त्यामागे दिसते. [⟶ आरमार, मराठ्यांचे].

या जहाजांतील तिरपी काठी पुष्कळदा दोन किंवा अधिक लाकडे एकमेकांस बांधून केलेली असे. तिची वरची बाजू निमुळती व लवचिक असते. वाऱ्याचा झोत आला म्हणजे हे टोक वाऱ्याआड वाकते, शिडाच्या वरच्या भागाला पीळ पडतो, तेथील आघात कोन कमी होतो आणि जादा वारा आपोआप निसटतो. बल ज्या ठिकाणी जहाजाला सर्वांत अधिक कलविते, त्याच ठिकाणी ते कमी होते. काथ्याचे दोर भार पडताच बरेच ताणले जात असल्याने झोताचा धक्का डोलकाठीवर एकदम येत नसे. शीड, काठी व दोर यांचा हा लवचिकपणा वाढत्या वाऱ्यात काही प्रमाणात संरक्षण देणारा होता. त्याची मर्यादाही होती. जहाजाची दिशा बदलताना लांब काठी डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूस न्यावी लागे. हे काम मनुष्यबळाचे व धोक्याचे असल्याने जहाज बहुधा वाऱ्याकडे तोंड करून न वळविता त्याकडे पाठ करून वळवीत. वाऱ्याचा जोर वाढल्यास मोठे शीड उतरवून लहान शीड चढविण्याचीही पद्धत होती.

जहाजाचा तोल : शिडावरील बलाचा थोडाच भाग जहाजाला पुढे नेतो. वाऱ्याला तोंड देऊन जाताना त्याचा बराच मोठा भाग जहाजाला आडवे ढकलतो व कलवितो. समजा, वर काढलेल्या ७,२०० न्यूटनांपैकी ६,५०० न्यूटन बल आडवे आहे आणि शिडावरील बलाचा मध्य व पाण्यातील रोधाचा मध्य यांत ९ मी. अंतर आहे. मग कलविणारे परिबल ५८,५०० न्यूटन-मीटर होते. ४० टन वजनाच्या व मध्यम स्थैर्याच्या जहाजाला (आप्लव केंद्राची उंची १ मी. धरून) त्यामुळे सु. ८.५° कल येईल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास हेच साधे सूत्र ३५° हून अधिक कल दाखविते. इतक्या कलाला ते सूत्र लागूच पडत नाही व जहाजाचा काठ त्याआधीच पाण्याखाली जाण्याचा संभव असतो. शीड वेळेवर उतरविणे हा म्हणून जीवनमरणाचा प्रश्न असतो.

आडव्या बलाला विरोध पाण्यातील तळ करतो. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण यांच्या खाड्यांतून ये-जा करणाऱ्या जहाजांना मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यांमुळे खोल तळ परवडत नसे. उथळ तळाचे जहाज खाडीत सहज शिरते, पण समुद्रात वाऱ्याआड अधिक सरकते. शिडाची कार्यक्षमता व खाडीची खोली यांत अशी तडजोड करावी लागे. यावरून एक तत्त्व निघते : शिडाचा विचार तळापासून वेगळा करता येत नाही. वारा, शीड, काठ्या, तळ व पाणी ही एकच व्यवस्था आहे आणि तिची प्रतिकृती करावयाची, तर ती या सर्वांची केली पाहिजे.

भौतिक प्रतिकृती : जहाजाच्या तळाची लहान प्रतिकृती टाकीत ओढून रोध मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमध्ये १८७० नंतरच्या दशकात रूढ केली. शिडांसाठी असा मार्ग उशिरा सापडला. अमेरिकेत एडवर्ड वॉर्नर व शॅटस्वेल ओबर यांनी १९२५ मध्ये प्रत्यक्ष शर्यती नौकेच्या शिडावरील दाबाची मोजमापे प्रसिद्ध केली. केनेथ डेव्हिडसन यांनी १९३६ मध्ये नौकेच्या समुद्रावरील चाचण्या व टाकीतील प्रतिकृतीचे प्रयोग यांची सांगड घालून शिडाचे बलगुणांक काढले. त्यानंतर शिडांच्या प्रतिकृती वातविवरात ठेवून बले मोजण्याची पद्धत प्रचारात आली. न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठात १९९४ मध्ये उभारलेल्या वातविवरात, उंचीनुसार भासमान वाऱ्याची दिशा बदलते हा गुणधर्म निर्माण करण्यासाठी प्रवाहाला मुद्दाम पीळ देण्याची योजना करण्यात आली. [⟶ वातविवर].

प्रतिकृती मूळ वस्तूप्रमाणे वागावी, यासाठी काही गुणोत्तरे दोन्हींत समान असावी लागतात. प्रवाहासाठी रेनल्ड्स अंक समान हवा. एकदशांश आकाराच्या प्रतिकृतीत तो समान ठेवावयाचा, तर वाऱ्याचा वेग दसपट करावा लागतो व मग कापडावरील दाब शंभरपट होतो. वेग मुळाइतकाच ठेवला, तर रेनल्ड्स अंक एकदशांश होतो. शिवाय आकार सारखा राहण्यासाठी प्रतिकृतीचे कापड मुळापेक्षा दसपट अधिक ताणले जाणारे, परंतु दर चौ. मी.स वजनाने मात्र मुळाइतकेच असावे लागते. असे कापड मिळणे कठीण असते. शिडाच्या भौतिक प्रतिकृतीत सर्व गुणोत्तरे एकाच वेळी पाळता येत नाहीत. यामुळे कोणते गुणोत्तर सोडावयाचे व त्यामुळे येणारी चूक किती, हे ठरविणे हाच प्रयोगकर्त्याचा खरा प्रश्न ठरतो.

गणितीय प्रतिकृती : पंखावरील उत्थापक बलाचा सिद्धांत लूटव्हिख प्रांट्ल यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडला. त्यात पंखाऐवजी भोवऱ्यांची रेषा कल्पिलेली असते. पुढे शिडाच्या पृष्ठाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकावर एकेक भोवरा कल्पिण्याची पद्धत आली. प्रवाह शिडाला चिकटून असेल, म्हणजे जहाज वाऱ्याला तोंड देऊन जात असेल, तेव्हा ही पद्धत थोड्या गणनेत चांगली उत्तरे देते. वारा मागून असता प्रवाह सुटलेला असतो व श्यानता आणि संक्षोभ यांचा प्रभाव वाढतो. अशा वेळी द्रायूच्या गतीची मूळ अवकल समीकरणे सरासरी रूपात घेऊन, शिडाभोवतीच्या अवकाशाचे लक्षावधी लहान भाग पाडून, ती संगणकावर सोडवितात. कापडाचेही त्रिकोणी भाग पाडून प्रत्येकाचा ताण व विकृती यांचा हिशेब ठेवतात.

या दोन हिशेबांची जोडणी पुढीलप्रमाणे करतात : (१) शिडाचा एक आकार गृहीत धरावयाचा, (२) त्यावरील दाब काढावयाचा, (३) त्या दाबाखाली कापड, काठ्या व दोर यांचा नवा आकार काढावयाचा, (४) नव्या आकारावर पुन्हा दाब काढावयाचा, (५) दोन फेऱ्यांतील फरक नगण्य होईपर्यंत हे चक्र चालू ठेवावयाचे. स्थिर वाऱ्यात ही पद्धत बहुधा समाधानकारक उत्तरापाशी येऊन थांबते. झोतात, लाटांवर किंवा शीड फडफडत असताना मात्र प्रत्येक क्षणाचे उत्तर मागील क्षणावर अवलंबून असते. शीड हलताना त्याबरोबर जवळची हवाही हलवावी लागते. पातळ कापडाच्या वजनाच्या तुलनेत ही हवा जड असते व तिचा हिशेब चुकल्यास गणना कोलमडते. गणनेचे उत्तर कापड व शिवणी ताणाखाली किती लांबतात आणि दोरांची लवचिकता किती, यांची मोजमापे किती अचूक आहेत यावरही अवलंबून असते. समीकरणे त्यांची उणीव भरून काढू शकत नाहीत.

प्रतिकृतीची कसोटी : प्रत्यक्ष समुद्र हीच अखेरची कसोटी असते. अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही गोव्यात बांधलेली शिडाची नौका एकाकी जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत असता सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात सापडून तिची डोलकाठी मोडली. लाटेने नौका उलथली जाते तेव्हा डोलकाठीवर येणारी बले केवळ वाऱ्याच्या दाबावरून काढता येत नाहीत. याउलट, गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’ या सु. १७ मी. लांबीच्या नौकेवरून दिलीप दोंदे (२००९–१०) व नंतर मध्ये कोठेही न थांबता अभिलाष टॉमी (२०१२–१३) यांनी एकट्याने जगप्रदक्षिणा केली. ‘तारिणी’ या तिच्या भगिनी नौकेने २०१७–१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांच्या व २०२४–२५ मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांच्या हाती अशा प्रदक्षिणा पूर्ण केल्या. अशा सफरींतून शिडे, काठ्या व दोर यांवरील दीर्घकालीन परिणामांचा जो अनुभव मिळतो, तो प्रयोगशाळेत मिळू शकत नाही.

आराखडा नसलेल्या जहाजाची प्रतिकृती म्हणून ‘कौंडिण्य’ हे भारतीय नौदलाचे जहाज विशेष उल्लेखनीय आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील पाचव्या शतकातील चित्रात दिसणाऱ्या जहाजावरून त्याची कल्पना घेतली आहे. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून हे जहाज गोव्यात बांधण्यात आले. त्यास चौकोनी शिडे असून सुकाणूच्या जागी मोठी वल्ही आहेत. चित्रात आकार व प्रमाण दिसते. कापडाची जाडी, लाकडाची बळकटी किंवा तळाची पाण्यातील वागणूक दिसत नाही. त्यामुळे तळाच्या रूपाची चाचणी मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सागरी अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीवर करण्यात आली आणि आधुनिक सामग्री न वापरता उभारलेल्या लाकडी डोलकाठीच्या व्यवस्थेचे मूल्यमापन नौदलाने केले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले व जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. फळ्या शिवणाऱ्या कारागिरांची परंपरा टिकून होती म्हणूनच हे जहाज बांधता आले. नुसत्या गणनेने ते उभे राहिले नसते. तसेच, केवळ परंपरेच्या भरवशावर एका चित्रातील जहाजाची सुरक्षितता ठरविता आली नसती.

आधुनिक महत्त्व : इंधनाची बचत व प्रदूषणाची घट यांसाठी मालवाहू जहाजांवर वाऱ्याचा पुन्हा उपयोग करण्याचे प्रयत्न चालू आहेत. जर्मन अभियंते आंटोन फ्लेटनर यांनी फिरत्या उभ्या दंडगोलांवर चालणारे ‘बुकाऊ’ हे जहाज १९२४ मध्ये तयार केले. जपानमध्ये १९८० मध्ये ‘शिन आयतोकू मारू’ या तेलवाहू जहाजावर संगणकाने नियंत्रित होणारी शिडे बसविण्यात आली. २०२३ मध्ये ‘पिक्सिस ओशन’ या मालवाहू जहाजावर पंखांसारखी दोन ताठ शिडे बसवून सफर करण्यात आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजवाहतुकीतील हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. ताठ शिडाचा आकार वाऱ्याने बदलत नसल्यामुळे त्याची गणना सोपी असते. मात्र झोतात आपोआप वाकून वारा सोडण्याचा गुण त्यात नसतो व ते काम यंत्रणेकडून करवून घ्यावे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रचलित होड्यांचा प्रसार झाल्यावर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मोठी शिडे क्रमाने उतरली. जहाजांचे तळ, काठ्या व शिडे यांची मापे कागदावर मांडण्याची पद्धत येथील कारागिरांत नव्हती. हे ज्ञान नाखवा, सुतार व शीड शिवणारे यांच्या हातांत व डोळ्यांत होते. लाकूड, दोर किंवा कापड यांचे अवशेष जेथे टिकले आहेत, तेथून त्यांचे गुणधर्म अद्याप मोजता येतात. जहाज कसे वळवीत व शीड केव्हा उतरवीत, हे मात्र ज्यांनी ते केले त्यांच्याकडूनच कळू शकते. गणितीय प्रतिकृतीला ज्या संख्या हव्या असतात, त्यांपैकी कित्येक या पिढीच्या सांगण्यावरूनच मिळण्यासारख्या आहेत. या दृष्टीने किनाऱ्यावरील वृद्ध दर्यावर्दी व कारागीर यांच्या माहितीची नोंद हा इतिहासाइतकाच यामिकीचाही विषय होय.